ओहळाकाठची मंजुरी

मखमलाबादच्या शिवारातून एक ओहळ वाहतो. रामशेजच्या बाजूने निघतो, मळ्यांच्या कडेकडेने येतो आणि पुढे शहरातल्या मोठ्या नदीला, म्हणजे इथल्या गंगेला, मिळतो. मळेकरी त्याला करंजओहळ म्हणतात. मनीषा विधातेचं लहानपण या ओहळाच्या काठी गेलं. ती कॉलेजात असताना वडिलांनी आपल्या हिश्श्याची जमीन विकली. तिथे प्लॉट पडले, बंगले उठले, तीनमजली इमारती उभ्या राहिल्या आणि त्या वस्तीला सुयोग कॉलनी असं नाव मिळालं. शेजारचा मळा मात्र तिच्या चुलतीने, धोंडाबाईने, विकला नाही. नवरा गेल्यावरही धोंडाबाई मेथी, कोथिंबीर, पुदिना, बांधाला थोडी शेवंती असं लावत राहिली आणि गंगेवरच्या बाजारात भाजी घेऊन बसत राहिली.

पुढे मनीषा शहरातल्या एका कॉलेजात वनस्पतिशास्त्र शिकवू लागली. विद्यार्थिनींना झाडं दाखवायला म्हणून ती एकदा त्यांना ओहळावर घेऊन आली, तेव्हा दाखवण्यासारखं तिथे फारसं उरलं नव्हतं. काठ बेशरमाच्या झुडपांनी आणि गाजरगवताने भरला होता. कॉलनीचं सांडपाणी उघड्या गटारातून थेट ओहळात पडत होतं. मुली नाकाला रुमाल लावून उभ्या होत्या. त्या दिवशी मनीषाला जी चीड आली ती पुढे बरीच वर्षं तिच्याबरोबर राहिली.

तिने काकीला गळ घातली. विहिरीपासून पुलापर्यंतचा काठ काकीच्याच नावावर होता. उतारावरच्या त्या चिंचोळ्या पट्ट्यात काकी भाजी लावायची आणि दर पावसाळ्यात त्यातली निम्मी माती वाहून जायची. ती लागवड सोड, काठ मोकळा ठेव, मी तिथे पूर्वीची झाडं परत आणते, असं मनीषाचं म्हणणं. काकीने बरेच दिवस दाद दिली नाही. शेवटी, मातीच राहत नाही तर भाजी कुठली राहणार, असा विचार करून तिने होकार दिला.

मग दर रविवारी मनीषा चार-पाच विद्यार्थिनींना घेऊन यायची. बेशरम मुळासकट उपटायची, वरच्या अंगाला गंगापूरच्या बाजूने आणलेल्या वाळुंज या पाणथळ झाडाच्या फांद्या ओल्या मातीत रोवायची. वाळुंज लगेच धरतं. त्याच्या आडोशाने निरगुडी आली, करंज रुजले, पाखरांनी टाकलेल्या बियांतून उंबर वर आले. त्यातलं अर्धंअधिक तिने लावलेलंच नव्हतं. नको ते काढलं आणि गुरं आवरली, एवढंच. चार-पाच वर्षांत विहिरीपासून पुलापर्यंतचा काठ झाडीने भरून गेला, माती जागेवर राहू लागली आणि वाळुंजाच्या वाकलेल्या फांदीवर खंड्या येऊन बसू लागला.

प्रश्न राहिला होता सांडपाण्याचा. कॉलनीचं गटार जिथे ओहळात पडत होतं तिथे उथळ खाचरं करायची, त्यांत पाणकणीस नावाचं दलदलीतलं गवत लावायचं, म्हणजे त्यातून झिरपत आलेलं पाणी बरंचसं निवळेल, असा तिचा आराखडा होता. त्याला खोदकाम लागणार होतं, दगड लागणार होते, दोन माणसं बारमाही लागणार होती. रविवारच्या मुलींवर ते होण्यासारखं नव्हतं.

तिने पैसे शोधायला सुरुवात केली आणि तिथून तिचा खरा छळ सुरू झाला. एका कचेरीने सांगितलं की ही जागा शहरात येते, आमची योजना जंगलासाठी आहे. दुसरीने सांगितलं की जमीन खासगी आहे, आम्ही फक्त सरकारी जागेवर झाडं लावतो. एका कारखान्याचे लोक गाडी घेऊन आले, पाहून खूश झाले, आणि प्रत्येक झाडाभोवती कंपनीच्या नावाची लोखंडी जाळी बसवायची अट घालून गेले. निरगुडीच्या जाळीला लोखंडी जाळी कशी बसवणार, असं मनीषाने कळवल्यावर त्यांचं उत्तर आलं नाही. एका क्लबाने विचारपूस न करताच टेम्पोभर गुलमोहराची रोपं आणून उतरवली. समारंभ झाला, फोटो निघाले. रोपं कॉलनीच्या भिंतीला लागून वाळत पडली आणि महिन्याने क्लबाने मनीषालाच विचारलं की झाडं का जगवली नाहीत.

संतोष, तिचा नवरा, सातपूरला कंपनीत होता. तो म्हणायचा की तू लोकांना झाड दाखवतेस आणि लोकांना पाटी हवी असते. ती त्याच्यावर चिडायची, कारण तिला ते पटत होतं.

मग सिंहस्थ जवळ आला. शहरात पैसा येणार, घाट होणार, रस्ते होणार असं सगळीकडे बोललं जाऊ लागलं. ‘शहर सुशोभन मंडळ’ नावाचं एक मंडळ त्या काळात स्थापन झालं. नदी-ओहळांचे काठ हिरवे करण्यासाठी त्याच्याकडे निधी असल्याची बातमी मनीषाने वाचली आणि अर्ज केला. या वेळी उत्तर आलं, आणि उत्तरामागोमाग माणूसही आला.

देवरे साहेब मंडळात अभियंते होते. मूळचे देवळ्याचे, कांद्याच्या शेतकऱ्याच्या घरातले. ते बूट काढून, पॅन्ट वर दुमडून पुलापासून विहिरीपर्यंत पाण्याच्या कडेने चालत आले. मध्येच थांबून त्यांनी वाळुंजाची मुळं काठाची माती कशी धरून आहेत ते हात लावून पाहिलं. विहिरीवर बसून काकीच्या हातचा चहा प्याले. म्हणाले, आमच्या गावच्या नदीला पूर्वी असा काठ होता. मनीषाला इतक्या वर्षांत पहिल्यांदा वाटलं की आपलं म्हणणं कोणाला तरी समजलं.

देवऱ्यांनी फाइल स्वतः पुढे नेली. अडलेली परवानगी ते फोन करून सोडवायचे. जमीन खासगी असल्यामुळे मालकाचं संमतिपत्र लागणार होतं. मनीषा ते घेऊन काकीकडे गेली. काकी पुदिन्याच्या वाफ्यात बसली होती. तिने विचारलं की सही केली म्हणजे नेमकं काय होणार. मनीषाने सांगितलं की झाडीला कुंपण होईल, राखायला माणूस मिळेल आणि कॉलनीचं घाण पाणी अडेल.

“माझ्या काठाला हात नाय ना लावणार कोणी?” काकीने विचारलं.

“नाही काकी. त्यासाठीच तर हे आहे.”

काकीने मातीचे हात लुगड्याला पुसले आणि सही केली.

मंजुरी फेब्रुवारीत आली. कॉलनीतल्या लोकांनी पेढे वाटले. कॉलनीच्या अध्यक्षांनी मनीषाला शाल दिली. ते सगळं उरकून ती घरी आली, मंजुरीच्या पाकिटातलं अंदाजपत्रक तिने वाचायला घेतलं आणि वाचता वाचता उभी राहिली. जागेवरील झाडझुडूप काढून जागा साफ करणे. सपाटीकरण. काठास दगडी पिचिंग, म्हणजे दगडांचं अस्तर. फिरण्यासाठी रंगीत ब्लॉकची पायवाट. हिरवळ. शोभेचे पाम. बसण्यासाठी सिमेंटची बाकं. खाचरांचा आणि पाणकणसाचा उल्लेख कुठेच नव्हता. गटाराला नवीन पाइप टाकून तो थेट ओहळात सोडायचा होता.

दुसऱ्या दिवशी पहिला तास बुडवून ती मंडळाच्या कचेरीत गेली. देवरे तिची वाट पाहत असल्यासारखे बसले होते. तिने कागद त्यांच्यासमोर ठेवला.

“हे तुम्ही केलंत?” तिने विचारलं.

“मी तुमचाच आराखडा पाठवला होता,” देवरे म्हणाले. “वर गेल्यावर तो दरसूचीत, सरकारी दरांच्या यादीत, बसवला गेला. दरसूचीत पिचिंगला दर आहे, ब्लॉकला आहे, लॉनला आहे, पामला आहे. वाळुंजाला दर नाही. निरगुडीला नाही. ज्याला दर नाही ते अंदाजपत्रकात येत नाही.”

“पण ती झाडं तिथे आहेतच. लावायची कुठे आहेत? नुसती राखायची आहेत.”

“तीच अडचण आहे, मॅडम. आपोआप उगवलेल्याचं बिल निघत नाही. खड्डा मोजता येतो, रोप मोजता येतं. जे आहे तसं ठेवलं, याचं मोजमाप काय लिहू?”

हे बोलताना त्यांच्या आवाजात आढ्यता नव्हती, आणि मनीषाला तेच सहन होईना. समोर एखादा उर्मट माणूस असता तर तिला भांडता आलं असतं. तिने विचारलं की मंजुरीच रद्द करता येईल का. देवरे म्हणाले की रद्द करायला बैठक लागते आणि बैठक आता सिंहस्थाची कामं आटोपल्यावरच होईल. निधी मार्चअखेर संपवायचा आहे, काम त्याआधी उरकतील. काम थांबवण्याबद्दल टिपण लिहितो, असं त्यांनी कबूल केलं, आणि लिहिलंही. पण त्याच आठवड्यात त्यांची नेमणूक घाटांच्या कामावर झाली. त्यांच्या जागी बसलेल्या साहेबाने टिपण वाचून सांगितलं की जमीनमालकाची संमती असताना आक्षेप घेणाऱ्या तुम्ही कोण.

तिने अर्ज लिहिले, वर्तमानपत्राच्या कचेरीत गेली. वार्ताहर म्हणाला की ओहळाचा विकास होतोय ही बातमी आम्ही आधीच छापली आहे. कॉलनीच्या अध्यक्षांना भेटली, तर ते समजुतीच्या सुरात म्हणाले की अहो, झाडी आहे म्हणून साप निघतात, आता म्हाताऱ्या माणसांना फिरायला जागा होईल, आणि हे सगळं तुमच्यामुळेच होतंय.  

काकीला तिने हे सांगितलं नव्हतं. काहीतरी मार्ग निघेल, मगच सांगू, असं रोज ठरवत राहिली.

खोदाईचं मशीन आलं त्या दिवशी ती प्रयोगशाळेत परीक्षा घेत होती. कॉलनीतल्या एका बाईने कॉलेजात फोन करून कळवलं. परीक्षा सहकाऱ्याच्या हवाली करून मनीषा निघाली. ती पोचेपर्यंत पुलाच्या बाजूचा निम्मा काठ उघडा झाला होता. वाळुंजाची झाडं मुळं वर करून ओहळात पडली होती आणि मोकळी झालेली माती पाण्यात विरघळत होती. वर कॉलनीतली माणसं कठड्याशी उभं राहून बघत होती. ठेकेदाराचा सुपरवायझर, ललित नावाचा तरुण, झाडांखाली चिरडली जाऊ नयेत म्हणून दोन पोरांना मागे सारत होता. वाईट माणूस वाटत नव्हता.

आणि मशीनच्या पुढे, उरलेल्या झाडीच्या तोंडाशी, काकी उभी होती.

मनीषा धावत तिथे गेली. ललितने तिला काही बोलू न देता पिशवीतून संमतिपत्र काढलं. म्हणाला, मॅडम, या आजींचीच सही आहे, त्याच आता अडवतायत, मी काय करू. काकीने मनीषाकडे पाहिलं.

“ही ती सही का गं, मने?”

  हा कागद मनीषानेच आणला होता, तिनेच समजावून सांगितला होता. साहेबांनी बदल केला, दरसूची आडवी आली, हे सगळं खरं असूनही त्या मोकळ्या मातीत उभं राहून सांगण्यासारखं नव्हतं. तिने मान खाली घातली.

 काकी ललितकडे वळली.

“सही काठाची हाय,” ती म्हणाली. “उभ्या पिकाची नाय.”

ललितला कळेना. कुठलं पीक, असं त्याने विचारलं. काकीने हातातल्या विळ्याने मागची निरगुडी दाखवली.

“हे. निरगुडी लावलीय म्या. पाला बाजारात जातो, औषधाला. मशीन घालायचं तर आधी पंचनामा करा. तलाठ्याला बोलवा. नुकसानभरपाईचं काय ते ठरवा, मंग घाला.”

निरगुडी कोणी लावलेली नव्हती आणि तिचा पाला काकीने जन्मात बाजारात नेला नव्हता. मनीषाला ते माहीत होतं आणि ललितलाही बहुधा कळलं असावं. पण पीक हा शब्द त्याने ऐकला होता, वर कठड्यावरच्या लोकांनीही ऐकला होता. पंचनामा म्हटला की तलाठी आला, तारीख आली, पुन्हा कचेरी आली, आणि मार्च संपत आला होता. ललितने ठेकेदाराला फोन करायला माणूस पाठवला. तासाभराने निरोप आला की तेवढा तुकडा सोडा, पुलाकडचं काम पुरं करा, मोजमापात सगळं धरून टाकू.

मशीन मागे फिरलं. विहिरीजवळचा पाऊण एकर वाचला, कारण तो पीक ठरला. पुलापर्यंतचा बाकी सगळा गेला. मनीषा काकीशी बोलायला पुढे झाली, तेव्हा काकी म्हणाली, “तू आता घरी जाय. मला कामं हायेत.”

त्यानंतर दीडेक वर्ष काकीने तिला मळ्यात येऊ दिलं नाही. दारात उभी राहिली की काकी आत निघून जायची. सणावाराला घरच्यांसमोर भेट झाली तरी आल्यागेल्याला विचारावं तेवढंच विचारायची.

सिंहस्थाच्या आधी उद्घाटन झालं. रंगीत ब्लॉक, हिरवळ, दोन्ही बाजूंना पाम, बाकं. कोनशिलेवर ‘करंजओहळ हरित पट्टा’ असं कोरलं होतं. हिरवळीला टँकरने पाणी येत होतं, तोवर ती हिरवी होती. वर्षभराने देखभालीची मुदत संपली आणि टँकर बंद झाला. पावसाळ्यात पिचिंगच्या खालून पाणी शिरलं, दगड निसटले, पायवाट मधोमध बसली. उघड्या जागी गाजरगवत पुन्हा आलं. नव्या पाइपातून येणारं सांडपाणी आधीपेक्षा जोरात पडू लागलं. मनीषाने पुन्हा अर्ज केला, या वेळी फक्त खाचरांसाठी. उत्तर आलं की सदर ओहळाचा काठ यापूर्वीच विकसित झालेला असल्याने त्याच जागेस पुन्हा निधी देता येत नाही. ते पत्र तिने दोनदा वाचलं आणि वर्गात जाऊन दलदलीतल्या वनस्पतींचा तास घेतला. तिचा आवाज त्या दिवशी एवढा चढला की मागच्या बाकावरच्या मुलींनी एकमेकींकडे पाहिलं.

काकीशी बोलणं सुरू झालं ते असंच एकदा. विहिरीला कॉलनीच्या पाण्याचा वास येऊ लागला होता आणि काकीला दुसरं कोणी विचारण्यासारखं नव्हतं. तिने संतोषकडून निरोप पाठवला. मनीषा गेली. काकी मेथीच्या जुड्या बांधत होती, वर न बघताच म्हणाली की तुझं ते पाणी गाळायचं काय होतं ते सांग. मनीषाने सांगितलं. खाचरं कुठेतरी सखल जागी करावी लागतील, आणि पुलाकडचा काठ तर आता मंडळाच्या फरशीखाली होता.

“पुदिन्याचा वाफा खाली हाय,” काकी म्हणाली. “तिथं कर. पण कोणाचा कागद आणायचा नाय.”

रविवारच्या मुलींनी आणि मळ्यावरच्या दोन बायांनी मिळून खाचरं खणली. पाणकणीस लावलं. कॉलनीच्या पाइपातलं सगळं पाणी त्यांत मावत नव्हतं, जेमतेम तिसरा हिस्सा वळवता आला. विहिरीचा वास कमी झाला. ओहळाचा झाला नाही. उरलेल्यासाठी पैसा हवाच होता, आणि मनीषाला मागायची लाज वाटत असली तरी मागितल्याशिवाय होणार नव्हतं, हेही तिला कळत होतं.

तेव्हा तिने दुसरीच गोष्ट केली. मंडळाने दरसूची सुधारण्यासाठी तज्ज्ञांची एक समिती नेमली होती. तिच्यात कोणी जायला तयार नव्हतं, कारण ते कंटाळवाणं काम होतं आणि त्यात मान नव्हता. मनीषाने आपलं नाव दिलं. दोन वर्षं ती दर महिन्याला त्या बैठकांना गेली. ब्लॉकच्या जाडीवर, लॉनच्या जातींवर तासन् तास चर्चा चालायची. स्थानिक झाडं लावणं आणि आहे ती झाडी राखणं, ही तिची दोन कलमं सर्वांत शेवटी यायची आणि वेळ संपल्यामुळे पुढच्या बैठकीवर जायची. ती घरी येऊन ताट आपटायची. संतोष म्हणायचा सोड आता, आणि ती त्याला विचारायची, सोडू कसं?

एका पावसाळ्यात सुधारित दरसूची निघाली. ओढ्या-नाल्यांच्या काठी वाळुंज, करंज, उंबर यांसारख्या स्थानिक झाडांची लागवड, हे कलम मंजूर झालं होतं, दरासकट. दुसरं कलम, जागेवर असलेली झाडी राखणे, हे वगळलं होतं. शेरा होता की यात कोणतेही काम होत नसल्याने दर ठरवता येत नाही.

ती तडक मळ्यात गेली. काकी बाजाराची टोपली भरत होती. मनीषाने उभ्या उभ्या सगळं सांगितलं, रागाने शब्द एकमेकांत अडकत होते. काकीने ऐकून घेतलं.

“म्हंजे लावायला पैसे देतील, आन् ठेवायला नाय देणार?”

“नाही.”

“मंग जे हाय ते तोडून पुन्यांदा लावतील की.”

“हो. तेच होणार,” मनीषा म्हणाली. “पुढच्या समितीसाठीही नाव देणार आहे मी.”

काकीने टोपलीवर ओलं फडकं टाकलं.  टोपलीची एक बाजू धर, एवढंच म्हणाली, आणि दोघींनी ती उचलून रस्त्यावर उभ्या असलेल्या रिक्षेत ठेवली.